अण्णांची खुर्ची

३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

आपल्या दुकानातली मांस भाजायची लाकडावरची भट्टी अखेर फुटली. आता गॅसचं ग्रिल घ्यायचं की लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळून धुरावर मांस शिजवणारा स्मोकर, यावर घरात रोज डोकेफोड. गॅस झटपट. स्मोकरवर मांसाला अर्धा दिवस लागतो, पण धूर असतो, आणि धुराशिवाय अण्णांचं कसं व्हायचं? डोळे गेल्यापासून भट्टीशेजारी खुर्ची टाकून बसतात. धुराचा वास पालटला की मांस झालं, काढ म्हणतात. एकदाही चुकले नाहीत. मात्र खोकला फार वाढलाय. तू मोठी, सांगशील तसं करतो.

माया आहे ती असू दे.
तुझा धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

गॅस घे, त्यात विचारायचं काय? त्यांच्या छातीचा पार भाता झालाय आणि तू धुराचे लाड करतोस. जन्मभर राबले, आता बसून खाऊ देत. यंदाही रजा नाही, येणं जमणार नाही.

वहिनीला आशीर्वाद, तुला एक धपाटा.
ताई

२ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

गॅस घेतला. खोकला थांबला, तुझं खरं झालं. ग्रिलला घंटी आहे, मांस झालं की वाजते. अण्णा आठवडाभर येऊन नाक वर करून धुराचा वास शोधत बसले. मग खुर्ची माळ्यावर टाक म्हणाले. आता घरी भिंतीकडे तोंड करून असतात. तू म्हणालीस तसे बसलेत, पण दोन घासही पोटात जात नाहीत. मला तुझा राग येतो, त्याहून माझा.

राग मानू नकोस, असं लिहिणार होतो. मान.
धाकटा

९ मे

चि. धाकट्यास अ. उ. आ.

खोकला हे माझं निमित्त होतं रे. माझ्या कपड्यांना धुराचा वास यायचा म्हणून शाळेत माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. तेव्हापासून ती भट्टी माझ्या डोळ्यांत सलत होती. त्याचा सूड मी अण्णांवर उगवला. स्मोकर घे, आजच घे.

जमलं तर लोभ ठेव.
ताई

३० मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

स्मोकर आणला. गॅससारखी घंटी याला नाही. खुर्ची खाली काढली, अण्णांना हाताला धरून बसवलं. दुपारी वास पालटला, मलासुद्धा कळला. शेवटी मीच विचारलं, काढू का. म्हणाले, घंटी वाजली की काढ.

तुझा धाकटा