चुकलेलं एक अक्षर

अहो,

आधीच नमस्कार करून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही चिडणार आहात.

मी सांगतेय, नात लिहितेय. ती खुशाल आहे, वेळेवर जेवते. तुमचे गुडघे कसे आहेत?

तुम्ही मला तिला परत आणायला पाठवलंत. "उंदीर मारायला शिकवलं का पोरीला?" म्हणालात. आल्या आल्या मी तिच्या प्रयोगशाळेत गेले. डोक्याला टोपी, पायांत पिशव्या. तुम्ही मला ओळखलं नसतं. काचेआड अंगठ्याएवढा उंदीर होता. म्हणाली, "आजी, शरीर घडतं ते आतल्या लिखाणावरून. बाबांच्या लिखाणात एक अक्षर चुकलेलं होतं, म्हणून त्यांचं हृदय जाड होत गेलं. तीच चूक मी याच्यात मुद्दाम केलीय. औषध आधी याला देऊन बघणार."

मला जन्मात एक अक्षर आलं नाही, आणि माझा लेक गेला तो एका अक्षरापायी. मी त्या उंदराला हात जोडले.

मग इथल्या डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं, त्याचा निकाल काल आला. ती चूक माझ्यात नाही, म्हणजे तुमच्याच घराण्याची असणार. हे ती लिहीत नव्हती, मी लिहायला लावलं. तुझ्यात आहे का, विचारलं तर म्हणते, "आजी, कागद संपत आला."

तेव्हा मी तिला आणणार नाही. तुम्ही छाती तपासून घ्या, रिपोर्ट इकडे धाडा. तोवर मीही येत नाही.

खाली माझा अंगठा आहे. त्यात एकही अक्षर चुकलेलं नाही.

तुमचीच,
घरची कटकट