सातबाऱ्यावरून नाव कमी केलं, अण्णा

अण्णा, तुमचे गुडघे कसे आहेत? आईचा दमा बसला का, की तिथंही चुलीपुढंच असते? धाकटा बरा आहे ना? तुमच्यामागून तोही इतक्या घाईनं निघाला, की धड बोलणंही झालं नाही. इकडं माझी साखर वाढलीय, बाकी ठीक. त्याची बायको, तुमची धाकटी सून, धडधाकट आहे. तिच्यापायीच हे लिहायला बसलोय.

शेवगावहून तुम्ही सातबारा आणलात तो दिवस आठवतो. आई भाकरी थापत होती. माझी शाळा दोनच वर्षांची, पण किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून अक्षरं जमवलेली. तुम्ही पैरणीतून कागद काढता, म्हणता, "वाच." मी तुमचं नाव वाचतो. "परत वाच." मी ओळीवर बोट ठेवतो तर खेकसता, "बोट लावू नको, पुसंल ना!" जमिनीच्या कागदावर आपलं नाव तुम्ही पहिल्यांदाच ऐकत होता.

तुम्ही गेल्यावर ते नाव कमी करून आम्हा भावांची लावायची होती. धाकटा मागं लागायचा, मी आज-उद्या करायचो. तो गेल्यावर ती विचारू लागली. एकदा अर्ज लिहिला, तुमच्या नावाआधी 'मयत' लिहिलं, आणि कागद ट्रंकेत टाकला. तिला सांगितलं, "दिलाय अर्ज. कचेरीत रेंगाळलाय."

मग करोना आला. बाजार बंद, तिची कलिंगडं रानातच सडली. सरकारनं शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे टाकले, गावभर मोबाईल वाजले. आमच्या दोन घरांत मात्र काही नाही, कारण ज्याच्या नावावर जमीन त्यालाच पैसे. माझं पोराच्या नागापूरच्या कारखान्यातल्या पगारात कसंबसं भागत होतं. ती तोंडाला पदर बांधून चावडीवर गेली आणि तणतणत आली.

"दादा, ते म्हणत्यात जमीन मेलेल्या मानसाची हाय. आता मामंजींना वरून बोलवू का, अंगठा द्याया?"

"व्हईल गं."

"कवा? पोरी म्हाताऱ्या झाल्यावर?"

त्याच आठवड्यात तिनं गाभण शेळी मिळेल त्या भावात विकली. रीतीप्रमाणं दावं तेवढं सोडून परत आणलं आणि रिकाम्या खुंटीला बांधलं. ते बघून मला जेवण गेलं नाही. कचेरी उघडली तशी ट्रंकेतला अर्ज नेऊन दिला. महिन्याभरात नोंद झाली, अण्णा. महिन्याभरात! मी इतकी वर्षं घालवली होती.

पुढं तिचे सरकारी पैशाचे हप्ते सुरू झाले, करोनातले गेले ते गेलेच. पहिल्या हप्त्याला ती पेढे घेऊन आली. "दादा, माझ्यापायी किती खेटे घातले तुमी! त्या कचेरीवाल्यांचं तळपट होवो." मी पेढा खाल्ला. तुमच्यावरची माया म्हणून नाव राखलं, असं मी मनाला समजावतो. पण त्या मायेचं मोल तिनं भरलं, आणि शिव्या भलतेच खातायत.

आत्ताही ती इथंच ओट्यावर शेंगा फोडतेय. विचारते, "कुणाला लिहिताय?" मी म्हणालो, "अण्णांना." खळखळून हसली. "मंग माझा बी नमस्कार सांगा की!"

तर तिचा नमस्कार. पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, हे मला कळतं. तरी तिला खरं कोणत्या तोंडानं सांगू, तेवढं कळवा, अण्णा. शिव्या घाला, पण लवकर लिहा.