दुसरी परीक्षानळी

आई,

आपल्या नेरूळच्या घरात सिंकशेजारी तू एक गुळगुळीत टाइल तिरकी टेकवून ठेवायचीस आणि दूधवाला जिना उतरायच्या आत तिच्यावर दुधाचा थेंब सोडायचीस. थेंब मागे पांढरी रेघ ठेवत सावकाश उतरला तर दूध बरं, काही न ठेवता पळाला तर पाणी. मी शाळेचा पिनाफोर घालून, एक वेणी झालेली आणि एक सुटी, तुझ्या कोपराशी उभी. "काय दिसलं?" तू विचारायचीस. "पाणी घातलंय," मी म्हणायचे. "ते तुला वाटलं. दिसलं काय?" मग मी नीट सांगायचे, थेंब पळाला, रेघ उमटली नाही. तू दार उघडून जिन्यात ओरडायचीस, "भैया, आज तबेल्यातला नळ उघडा राहिला का?" आणि खालून उत्तर यायचं, "भाभी, आप पुलिस में भरती हो जाओ!"

शाळेत सिस्टर आम्हाला केमिस्ट्री इंग्रजीत डिक्टेट करायच्या आणि आम्ही ती पाठ करायचो. टेस्ट ट्यूब मी पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती. तू तिला परीक्षानळी म्हणायचीस, आणि ती पहिल्यांदा हातात धरली ती आपल्या ओट्यावर. बी.एस्सी. होऊन तुझं लग्न झालं, लग्न होऊन तू या नव्या वसाहतीत आलीस, आणि तुझं सगळं शिक्षण वाण्याच्या मागे लागलं. दुधात आयोडीनचा थेंब टाकून निळं झालं की पीठ. ओल्या टीपकागदावर चहाची पूड पसरून रंग सुटला की वापरलेली पूड रंगवलेली. हळदीवर साबणाचं पाणी टाकून लाल झालं तेव्हा मी "भेसळ!" म्हणून ओरडले, आणि तू पोट धरून हसलीस. "अगं, ही भेसळ नाही, हा हळदीचा स्वभाव आहे." आम्ल आणि अल्कली मला त्या दिवशी कळले. तुझा एकच नियम होता. नळ्या नेहमी दोन. एकीत ज्याचा संशय आहे ते, दुसरीत जे आपल्याला पक्कं माहीत आहे ते. "एका नळीवर निकाल देतो तो केमिस्ट नाही, तो शेजारी," असं तू म्हणायचीस. मी हे वाक्य माझ्या लेकीला सांगितलं, आता नातीला सांगते.

म्हणून तर तो आत्याचा दिवस माझ्या मनातून जात नाही. आत्या गावाहून आली होती. बालवाडीच्या शिक्षिकेचा कोर्स वाशीत होता, वर्षभर आपल्याकडे राहू का, एवढंच तिला विचारायचं होतं. एक खोली, स्वयंपाकघर, आपण तिघं. चपला काढायच्या आधी तिने डबा पुढे केला. "वैनी, घरच्या म्हशीचं तूप हाय. डबा तिळाच्या तेलाचा व्हता, पर राखेनं चांगला घासलाय. वास येतोय का बगा." मी तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होते. 'बगा' म्हणाली म्हणून मला हसू आलं, त्यामुळे हे सगळं शब्दन् शब्द लक्षात आहे. तू ओट्यापाशी होतीस. तुझी पाठ आमच्याकडे होती.

दुपारी तू बाबांनी महापेच्या कंपनीतून आणलेली ॲसिडची बाटली काढलीस. वितळलेलं तूप, तेवढंच हायड्रोक्लोरिक ॲसिड, चिमूटभर साखर. हलवून नळी स्टँडला लावलीस. थोड्या वेळाने तळाशी गुलाबी रंग चढला आणि हळूहळू गडद होत गेला. खरं सांगते, मला तो फार सुंदर वाटला.

"वन्सं, हे बघा. तुपात वनस्पती आहे."

आत्या आधी हसली. "वैनी, म्हशीला इचारा की!" मग तुझा चेहरा पाहून थांबली आणि बाबांकडे वळली. "दादा, तू तरी बोल."

बाबा पेपरची घडी घालत म्हणाले, "ती शिकलेली आहे. तिला कळतं त्यातलं."

"भावाच्या ताटात असलं वाढतात, त्यांच्यावर मी घर टाकून बाहेर कशी जाऊ?" हे तू माझ्याकडे बघत बोललीस, जणू मी विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या गेली. कोर्स झालाच नाही. पुढे तिचं लग्न झालं, आणि आता ती जुईनगरला मुलाकडे राहते, माझ्यापासून एका स्टेशनावर. लग्नाकार्यात भेटते, गालावरून हात फिरवते. माझ्या लेकीच्या लग्नात वाढप्याने वरणावर तूप धरलं, तर ताटावर तळहात आडवा धरून म्हणाली, "मला तूप चालत नाही, बाबा." आणि माझ्याकडे बघून हसली.

गेल्या महिन्यात नातीला मी ओट्यावर तुझे प्रयोग शिकवायला घेतले. ॲसिड मीच हाताळते, तिला चष्मा लावून लांब उभं करते. तुपाची परीक्षा तिलाच करायची होती. तूप माझं, सायीचं, माझ्या हाताने कढवलेलं. ते गुलाबी झालं. "आजी, तू डुप्लिकेट तूप विकतेस का गं सोसायटीत?" कार्टी टाळ्या वाजवायला लागली. मी चमचा उचलून बघितला. मग आठवलं, ज्या चमच्याने तूप काढलं त्याच चमच्याने सकाळी चटणीसाठी तिळाचं तेल घेतलं होतं. चमचा पुसला होता, धुतला नव्हता. दुसऱ्या नळीत स्वच्छ चमच्याने तेच तूप घेतलं. काही नाही, ढिम्म.

ही परीक्षा वनस्पती ओळखत नाही, आई. ती तीळ ओळखते. वनस्पतीत तिळाचं तेल मुद्दाम घालायला लावतात, भेसळ पकडता यावी म्हणून, आणि हे तुला माहीत होतं, कारण मला हे तूच शिकवलं होतंस. मग त्या डब्याच्या सांध्यात राहिलेलं तेल तुला कसं सुचलं नाही? की तू आत्याचं ऐकलंच नाहीस? कुकर लावलेला होता का, शिट्टीत तिचं बोलणं बुडालं का? मी आठवून आठवून थकले, कधी शिट्टी ऐकू येते, कधी येत नाही. आणि दुसरी नळी कुठे होती? कपाटात आपलं स्वतःचं तूप होतं. ज्या बाईने वाण्याच्या हिंगालासुद्धा दुसऱ्या हिंगाचा साक्षीदार दिला, तिने नणंदेला दिला नाही. आणखी एक. त्या दिवसानंतर ॲसिडची बाटली माळ्यावर गेली, आणि तुपाची परीक्षा तू पुन्हा कधी केली नाहीस. मी मागितली तरी नाही. "डोळ्यात जाईल," म्हणालीस.

तू सांगायचीस, वाटलं ते नको, दिसलं ते सांग. दिसली मला फक्त तुझी पाठ. एका खोलीत चौथं माणूस, तुझं एकटीचं दुपारचं राज्य, हेही मला आता बाईमाणूस म्हणून समजतं, आणि समजतं म्हणूनच संशय वाढतो. कबूल करते, हे सगळं लिहूनही मला कुकरची शिट्टी झालेलीच हवी आहे.

तर वाटणी अशी. लाकडी स्टँड आणि उरलेल्या नळ्या नातीला. तुझं डिग्रीचं सर्टिफिकेट लेकीला, फ्रेम करून. ॲसिड कुणालाच नाही, ते बादलीभर पाण्यात हळूहळू ओतून मी संपवीन. हे पत्र तुझ्या फोटोच्या मागच्या पुठ्ठ्यात राहील. आत्याला या रविवारी मी नव्या स्टीलच्या डब्यातून तूप नेणार, आणि तिच्या सुनेसमोर, मुलासमोर, मोठ्याने सांगणार, "आत्या, तुझं तूप चोख होतं." तू ऐकलं होतंस की नाही, हे तिने विचारलं तर मला माहीत नाही म्हणेन. ते खरंच आहे. तिने ताटावर धरला तसा डब्यावर तळहात धरला, तर आग्रह करायचा नाही. डबा परत आणायचा.