काचनगरीचा शेवट

९ जानेवारी १९९६

फोडली! शेवटी राणी फोडलीच त्यांनी. तलवारीच्या एका घावात तुकडे तुकडे, आणि वर ढोल!

'काचनगरीची राणी' या आमच्या लहानपणच्या पुस्तकावर सिनेमा निघाला, त्याची कॅसेट बेलापूरला शमशादच्या घरी आली, आणि आम्ही दोघी पंचेचाळिशीच्या बाया हातातली कामं टाकून टीव्हीपुढे बसलो. शमशाद अगदी काचेला नाक लावून. साखरेनं तिचे डोळे चाललेत, पण कबूल करील तर ना!

"दीपे, काय केलं गं तिचं? मला नुसता उजेड दिसला."

"मारली."

बाहेर बांगड्यांच्या दुकानातून तिचे यजमान इब्राहिमभाई विचारत होते, चहा ठेवू का म्हणून.  शमशाद म्हणाली, "पुस्तकात न्हाई असं."

नाहीच मुळी! पुस्तकात राणी स्वतः काचेची, ज्याला शिवेल तोही काचेचा होतो. सगळी नगरी तिनं तशी करून ठेवलेली. राजपुत्र मारायलाच येतो. पण ती त्याच्याकडे पाणी मागते — आणि तो तलवार खाली ठेवतो. ओंजळीत पाणी ओततो, ओतताना बोटाला बोट लागतं, आणि तो काचेचा होत नाही! मग ती उठते, पाठ फिरवून नगरीबाहेर चालत जाते. मागे काचेची माणसं एकेक करून श्वास घ्यायला लागतात.

या एका शेवटापायी मी लेखिका झाले. माझ्या प्रत्येक कादंबरीत शेवटी कुणीतरी कुणाला तरी पाणी देतं. 'पुन्हा पाणी!' म्हणून एकानं परीक्षणात टर उडवली होती. उडवू दे.

१० जानेवारी

शाळेच्या कपाटात त्या पुस्तकाची एकच प्रत होती. आधी शमशादनं नेली. मला मिळाली तेव्हा शेवटची पानं गेलेली. मी रडकुंडीला आले. प्रवरेच्या घाटावर बसवून तिनं मला समजावलं — "पानं निसटून पडली असतील. शेवट मला माहीत हाय, सांगते की!" आणि काय सांगितला! मागून नदीचा आवाज, आणि ही ओंजळ करून बसलेली. आजही पुस्तक म्हटलं की छापील अक्षरं आठवत नाहीत, तिची ती ओंजळ आठवते.

१८ जानेवारी

तिला घेऊन नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. उजवा गेलाच. डाव्यातही आत रक्त उतरतंय. लेझरनं फार तर थोडं लांबेल. हा डोळा उन्हाळा पाहील की नाही, सांगता येत नाही म्हणाले. तिच्या समोरच म्हणाले.

येताना एसटीत ती हसत होती. "डॉक्टर म्हणतो, बघायचं ते बघून घ्या. काय बघू? ताजमहाल? तुझं थोबाड तर पाठ हाय मला."

राहुरी गेल्यावर एकदम हळू आवाजात — "दीपे, मला तिला चालत जाताना बघायचंय."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. 

२४ जानेवारी

गहिनीनाथ भेटला. श्रीरामपुरात लग्नाच्या शूटिंगची कामं घेतो. दोन व्हीसीआर. एकावर कॅसेट चालवायची, हवं तेवढंच दुसऱ्यावर उतरवायचं, नको तिथं थांबायचं. लग्नात रुसलेले मामा असेच काढून टाकतो म्हणे!

मी सगळं सांगितलं, शेवट पुस्तकातल्यासारखा करून हवाय म्हणून. त्यानं डोकं खाजवलं. "ताई, कापायला काय, कापू. पण जे शूटच केलं न्हाई ते कुठून आणायचं?"

हेच तर. आपल्याला फक्त काढता येतं.

३१ जानेवारी

निराश होऊन परत निघाले होते, तर तो म्हणाला, हे बघा तरी. राजपुत्र तलवार उगारतो तेवढाच तुकडा उलटा चालवला. तलवार खाली आली! पडद्यावर आडव्या रेघा पडतात, तोंडं थरथरतात, पण तलवार खाली येते!

आणि सिनेमाच्या सुरुवातीला राणी पाठमोरी नगरीत शिरते. तेच दृश्य शेवटी लावलं की ती निघून जाते. शिरणं आणि जाणं पाठीमागून सारखंच दिसतं, हे मला इतकी वर्षं लिहून कळलं नव्हतं.

त्यानं विचारलं, "पुस्तकात ती कोणत्या बाजूनं जाते? सूर्य समोर का पाठीवर?" मला सांगता येईना. नगरच्या वाचनालयातल्या श्रीमंतरावांना चिठ्ठी टाकली. जुन्या पुस्तकांत एखादी प्रत सापडली तर ठेवा म्हणून.

८ फेब्रुवारी

शिंगणापूर. काचनगरीत एकाही घराला दार नाही. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आहे. आणि सिनेमात जिकडे तिकडे दारं, तीही नक्षीची! मग गहिनीनाथ म्हणाला, बिनदाराची गल्ली पाहिजे ना, चला की.

कॅमेरा पाहून माणसं जमली. कडूबाई म्हणून एक म्हातारी ओसरीवर शेंगा फोडत होती.

"लगीन कुनाचं हाय?"

"लग्न नाही आजी. तुमच्या घराचं शूटिंग करतोय."

"का? दार न्हाई म्हनून? अन् ही बाई अशी चाचपडत का चालती?"

शमशाद फटकन म्हणाली, "तुमचं दार हुडकतीय आजी!"

म्हातारी इतकी हसली की शेंगा सांडल्या. नंतर पाण्याचा तांब्या तिनंच दिला.

मग हातांचं दृश्य. शमशादची ओंजळ, माझा तांब्या. सिनेमातल्या राणीच्या बांगड्यांचा रंग — हिरव्यात निळी झाक — तिनं घरूनच बरोबर भरून आणलेला. रंग कधी दिसला तिला? विचारलं नाही. पाणी ओतलं. माझं बोट तिच्या बोटाला लागलं. गहिनीनाथ ओरडला, "ताई, हात हलवू नका!" 

१५ फेब्रुवारी

मूर्ख माणूस! तलवार खाली येते तिथं त्यानं बदामाचा आकार टाकून ठेवला! राणी आणि राजपुत्र एका मोठ्या लाल बदामात!

"सवयीनं झालं ताई. नवरा-नवरी समोरासमोर आले की बोट आपोआप त्या बटनावर जातंय."

हसू आलं, रडूही. आता सगळं पुन्हा उतरवायचं, आणि उतरवताना चित्र दर वेळी फिकं होतं. राणीचा चेहरा आताच ओल्या कागदावरच्या शाईसारखा झालाय.

२१ फेब्रुवारी

आज व्हीसीआरनं मूळ कॅसेट खाल्ली. राणी पाठमोरी चालते नेमकी तिथंच. टेप चुरगळून बाहेर आली, पापुद्र्यासारखी. गहिनीनाथ कितीतरी वेळ पेन्सिल घालून गुंडाळत बसला. दुसरी कॅसेट दुकानात नाही. उरली ती आमची नकलेची नक्कल.

शमशादला सांगितलं नाही. इब्राहिमभाईंचा निरोप होता, आता दुकानात तिला गिऱ्हाइकाचा हात चाचपून माप घ्यावं लागतं. काल एका नव्या नवरीच्या हातात बांगडी वाढली. वाढली म्हणे. बांगड्यावाल्यांच्या घरात बांगडी कधी फुटत नाही, तो शब्दच उंबरा ओलांडत नाही. आम्ही लहान असताना मीच एकदा 'फुटली' म्हणाले होते, तर तिच्या अम्मीनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता.

२८ फेब्रुवारी

काही अर्थ नाही. तिचा डोळा आणि ही टेप, दोन्ही बरोबरच विझतायत.

६ मार्च

झालं पूर्ण. आज दाखवलं.

दुपारी पडदे ओढले. शमशाद काचेला टेकून. शिंगणापूरची गल्ली आली. तलवार खाली आली. हात आले. आमचे हात! मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. ती टीव्हीकडे नाही, जरा बाजूलाच पाहत होती. भिंतीकडे.

"पांढरं काहीतरी हाललं. तीच ना?"

"तीच."

"चालती का?"

"चालतेय. पाठमोरी. केस मोकळे. आता वेशीशी आली."

"मागची मानसं?"

मागची माणसं आमच्याकडे नव्हती. त्यांचं दृश्य कुठूनच मिळालं नव्हतं. पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या होत्या. मी म्हटलं, "एक म्हातारा हलला. आता त्याच्या शेजारची मुलगी. तिनं श्वास घेतला."

शमशादनं माझा हात धरला. "आस्संच हुतं पुस्तकात."

इब्राहिमभाई दाराशी उभे होते. ते आत आले नाहीत.

१४ मार्च

ती आता उजेड-अंधार सोडून काही ओळखत नाही. माझं लिहिणं बंद आहे. मांडलेली कादंबरी तशीच पडलीय. शेवटी पाणी द्यायचं आहे, आणि कुणाला द्यायचं ते सुचत नाही.

१९ मार्च

श्रीमंतरावांचा निरोप आला होता. जाऊन घेऊन आले. पुस्तक माळ्यावर सापडलं म्हणे, कुणी उघडलेलंसुद्धा नाही. पानं एकमेकांना चिकटलेली. शेवटची पानं सगळी जागेवर.

एसटीत बसूनच वाचलं.

राजपुत्र तलवार उगारतो. राणी पाणी मागत नाही. राणी काहीच मागत नाही. एका घावात तुकडे तुकडे. नगरीत ढोल वाजतात — ढोलसुद्धा आहेत! सिनेमावाल्यांनी दारं तेवढी बसवली. बाकी शेवट शब्दाशब्दानं तोच.

पाणी नाही. ओंजळ नाही. चालत जाणं नाही.

श्रीरामपूर आलं तरी उतरायचं सुचलं नाही. कंडक्टर म्हणाला, "बाई, गाडी इथंच संपते."

२० मार्च

रात्रभर राग, आणि कुणाचा तेच कळेना. माझी सगळी पुस्तकं एका अकरा वर्षांच्या मुलीच्या थापेवर उभी!

मग सकाळी चहा गाळताना तिच्या अम्मीचा हात आठवला. बांगड्यावाल्याची पोर. तिनं ती पानं एकटीनं वाचली असतील, काच फुटल्याचं. आणि मग ते पुस्तक मला द्यायची वेळ आली.

पानं निसटली नव्हती.

२२ मार्च

बेलापूर. पुस्तक पिशवीतच होतं. सांगायचं ठरवून गेले होते. निदान एकदा दोघींनी हसून घ्यावं.

ती ओसरीवर बसून बांगड्या दोऱ्यात ओवत होती, बोटांनी मापं लावत. मी बसल्याबरोबर म्हणाली, "ते पुस्तक हुडकीत हुतीस ना? मिळालं?"

आवाजात काय होतं ते मला लिहिता येणार नाही. हात थांबले होते. ते न पाहणारे डोळे नेमके माझ्यावर.

"नाही," मी म्हटलं.

"बरं झालं." बोटं पुन्हा चालायला लागली. थोड्या वेळानं — "पर कुनाच्या तरी हाताला लागंल की गं. एखाद्या पोरीच्या. एकलीच बसून वाचील ती."

 तिनं पाणी मागितलं. मी दिलं.

२५ मार्च

नगर. पुस्तक परत केलं. श्रीमंतरावांनी चाळून पाहिलं, मागचा पुठ्ठा उघडला, चष्मा वर केला. "अरेच्चा, याचा तर शेवटच नाही!"

मी म्हटलं, "पानं निसटून पडली असतील. शेवट मला माहीत आहे, सांगते की."