टोनची वाट पाहू नको

बाबा,

हे पत्र पोस्टात पडणार नाही हे मला माहीत आहे. पडलं असतं तरी तुम्ही ते दोनदा उलटसुलट करून आईच्या हातात दिलं असतं आणि म्हणाला असतात, "वाच वं, पोट्टीनं काय रामायण लिवलं ते." तुम्हाला लांबण लावलेली कधी खपली नाही. आज मात्र टोकायला कुणी नाही, म्हणून मी हौस भागवून घेणार आहे. झालं असं, परवा कॉलेजात आमच्या विभागातल्या नव्या प्राध्यापिकेचा लॅपटॉप वायफाय धरेना. लिनक्सवरच होता. बिचारी सकाळपासून नाना उपाय करून थकली होती, एक संपला की दुसरा, दुसरा संपायच्या आत तिसरा. मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, "सगळं काढ. पयले होतं तसं कर." ती मान वळवून माझ्याकडे पाहतच राहिली. "मॅडम, तुम्ही असं बोलता?" मी म्हटलं, कधी कधी. घरी आले, चहा ठेवला आणि त्याच्यापुढे उभी असून तो उतू जाऊ दिला.

तुम्ही टेलिफोन खात्यात लाइनमन. शिक्षण सातवी, इंग्रजीशी उभं वैर, पण आकडा आणि आवाज या दोन गोष्टींत तुम्हाला फसवणारा अजून जन्माला यायचा होता. खांबावर चढून तपासणीचा फोन तारेला लावायचात, डोळे मिटायचात, आणि वरूनच सांगायचात, "डब्यात पानी शिरलं," नाही तर, "जोड ढिला झाला, तिकडं, लिंबाजवळ." माणसं लिंबाजवळ जायची आणि जोड ढिला निघायचा. आठवीत असताना मी घरातला रेडिओ उघडला होता, आठवतं? सगळ्या तारा ओढून, खुपसून, पुन्हा ओढून त्याचा पार चेंदामेंदा केला. तुम्ही ड्यूटीवरून आलात आणि एकच विचारलं, "पयले कोनता तार हालवला?" मला सांगता येईना. मग जो तोंडाचा पट्टा सुरू झाला! "एका टायमाले एकच गोष्ट बदलाव. मंग आयकाव. मंग दुसरी. सगळ्याइले एकदम हात लावते तो मिस्त्री नसते, वांदर असते." मी रडले, जेवले नाही, आणि तुम्ही रेडिओला बोटही लावलं नाहीत. आठ दिवस मी एकेक तार जोडत बसले. नवव्या दिवशी तो बोलला, आणि तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात की पोट्टीनं रेडिओ उठवला.

मग ते नोकरीचं वर्ष. मी खामगावच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबवर लागले होते, तात्पुरती. तिकडे मामांनी सोनाळ्याचं स्थळ आणून ठेवलेलं. माणसं चांगली, संत्र्याची बाग, घरी सगळं. फक्त त्यांना कामाला जाणारी सून नको होती. आई अर्धी तयार, मामा तर मुहूर्तच काढायला निघाले होते. तुम्ही पाण्याचा तांब्या खाली ठेवलात आणि म्हणालात, "पोट्टी कामावर हाय तंवर हे इचारू नका. काम सुटलं तं मंग पाहू." मामा म्हणाले, "तात्पुरतं काम सुटाले किती येळ लागते, दाजी?" तुम्ही तांब्या उचलून अंगणात गेलात. मला मात्र त्या दिवसापासून कळून चुकलं होतं की नोकरी सुटली तर माझी गाडी सोनाळ्यालाच जाऊन थांबणार.

आणि नोकरी अडकली ती एका मोडेमवर! मी पुण्याला दहा दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आले होते, अंगात नवं वारं शिरलं होतं. लॅबमधल्या विंडोज मशीनना रोज उठून व्हायरस, म्हणून मी सगळ्यांवर लिनक्स चढवून मोकळी झाले. आणि मग विद्यापीठाचा कागद आला, मुलांचे गुण शनिवारपर्यंत ई-मेलनं पाठवा. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं. मोडेम म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली फोन लावणारी पट्टी, आणि ड्रायव्हर म्हणजे त्या दोघांमधला दुभाषा. आमची पट्टी स्वस्तातली, तिचा दुभाषा विंडोजपुरता बनवलेला. लिनक्ससाठी कुणा भल्या माणसानं एक लिहून ठेवला होता, तो मी पुण्याहून सीडीवर आणला होता, पण तो आपल्या मशीनवर आपणच घडवून घ्यायचा असतो. तीन दिवस झटले, घडेना. मी म्हटलं, बाजारातल्या इंटरनेटवाल्याकडून पाठवते. तर आमचे प्राचार्य सर भडकले. "मुलांचे गुण घेऊन चौकात बसणार का तुम्ही? शनिवारी मेल इथून जाईल. नाही तर सोमवारी मी दुसरा माणूस बोलावतो, तो जुनं सगळं परत टाकून देईल."

कॉलेजातला फोन ऑफिसात, लाकडी पेटीत, कुलपाखाली. शुक्रवारी सकाळी मी मशीन ऑटोत घालून घरी आणलं, कारण खात्यानं तुम्हाला दिलेला फोन आपल्या स्वयंपाकघराच्या दारातल्या फळीवर होता. तुम्ही रजा टाकलीत. चुलत्याच्या लग्नाला अर्धा दिवस काढताना कुरकुरणारे तुम्ही! आईनं पिठाच्या कोठीवरची परात उचलली, मी तिथं मॉनिटर ठेवला. "आता याले हळद-कुकू लावू का?" ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. तुम्ही पाट घेऊन माझ्या शेजारी बसलात. "काय काय केलं, सांग बाई." मी सांगत गेले. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की मी पुन्हा रेडिओ उघडून बसले आहे. तुम्ही तेवढं बोलला नाहीत, भलेपणा तुमचा. म्हणालात, "सगळं काढ. पयले होतं तसं कर."

मग एक एक. मी एक गोष्ट करायची, तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे एक रेघ ओढायची. काय केलं ते मी सांगायचं, काय झालं तेही मीच वाचून दाखवायचं, आणि तुम्ही इंग्रजी अक्षरांवरून नजर सरकवत आकडे तेवढे वाचायचे. बाराच्या सुमाराला तुम्ही पडद्यावर बोट टेकवलंत. "इथी शेवटी तीन हाय. वरती शेवटी चौदा काऊन हाय?" मी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मशीनमध्ये चालू असलेलं लिनक्स एका आकड्याचं, आणि ज्याच्यावरून मी ड्रायव्हर घडवत होते ते साहित्य दुसऱ्याच आकड्याचं. तीन दिवस मी एकाच्या मापानं दुसऱ्याचा सदरा शिवत होते. इंग्रजीत ढीगभर शिकलेली मी, आणि ते दिसलं तुम्हाला. योग्य सीडी घातली, पुन्हा घडवायला लावलं, आणि जेवणं उरकेपर्यंत ड्रायव्हर बसला. मी नाचायचीच बाकी होते.

पण गंमत पुढेच होती. फोनची तार मशीनला लावली, इंटरनेटचा नंबर दिला, तर पट्टीतून टोन ऐकू आला, स्पष्ट, आईलासुद्धा. आणि पडद्यावर अक्षरं आली, डायल टोन नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. टोन वाजतोय आणि हा म्हणतो टोन नाही! तार परत फोनला लावून पुण्याच्या ट्रेनिंगवाल्या सरांना फोन केला, त्यांच्याकडून काही निष्पन्न झालं नाही. मी तार पुन्हा मशीनला लावली. तुम्ही बाहेर जाऊन आलात, पाय धुतलेत, पाटावर बसलात आणि विचारलंत, "हा डबा कुठचा?" मी म्हटलं, बाहेरदेशचा, अमेरिकेकडचा असेल. तुम्ही मान हलवलीत आणि भलतंच सुरू केलंत. सुलतानपूरला असताना तिथलं जुनं एक्स्चेंज जाऊन नवं आलं, म्हणालात. टोन बदलला. गावातले एक म्हातारे पाटील रोज फोन उचलायचे, नवा टोन ऐकायचे आणि 'फोन मेला' म्हणून ठेवून द्यायचे. तक्रारीवर तक्रार. "तवा म्या त्याइले सांगतलं, पाटील, तुमच्या वळखीच्या टोनची वाट नका पाहू, नंबर फिरवा. तसंच याचं झालं. आपला टोन येऊन राह्यला, पन याच्या कानाले तो वळखू येत नाही. याले सांग, टोनची वाट पाहू नको, लाव फोन."

मी ट्रेनिंगच्या कागदांची चळत उपसली. आणि होती की तशी आज्ञा! एक अक्षर, एक आकडा. एक्स तीन. अर्थ शब्दशः तोच, टोनसाठी थांबू नकोस, सरळ नंबर लाव. मी ती लिहिली. पट्टीनं टोन ऐकला, ओळखला नाही, आणि तरी नंबर लावला. मग ती किंचाळी सुटली, खर्रर्र आणि किर्रर्र आणि मध्येच शिट्टी. आई लाटणं घेऊन धावली, "मांजर चेंगरली का वं?" तुम्ही डोळे मिटून बसला होतात, खांबावर बसायचात तसे, आणि हसत होतात. "बोलून राह्यले दोघं," म्हणालात. बाबा, पुढे मी मोठमोठी माणसं पाहिली, परिषदांना गेले, पाटी-पदवी असलेल्यांच्या शेजारी बसले. असं न पाहिलेल्या यंत्राच्या मनातलं ओळखणारं डोकं मला पुन्हा भेटलं नाही. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं.

शनिवारी कॉलेजातून मेल गेला. प्राचार्य म्हणाले, बरं. सोमवारी दुसरा माणूस आला नाही, दोन वर्षांनी मी कायम झाले, सोनाळ्याच्या लोकांनी त्याच हंगामात दुसरी मुलगी पाहिली आणि मामा दोन दिवाळ्या आपल्याकडे जेवले नाहीत. आज मी त्याच विभागाची प्रमुख आहे. तुमच्या मागे बारा वर्षं गेली.

आता तो पुण्याचा फोन. वर मी तो एका ओळीत उरकला, आणि इतकी वर्षं मनातही तसाच उरकत आले आहे. पुण्याचे सर म्हणाले होते, टोन मिळत नाही म्हणजे तुमची लाइनच खराब. ते ऐकून तुम्ही रिसीव्हर माझ्याकडून घेतलात आणि अदबीनं म्हणालात, "टोन बराबर येऊन राह्यला साहेब, म्या सोता आयकला." पलीकडे सर केवढ्यानं हसले! "येऊन राह्यला? म्हणजे आला की राहिला? कोण आहे हा?" मला ते बाजूला उभी असून ऐकू आलं, म्हणजे तुम्हाला तर आलंच. मी तुमच्या हातातून रिसीव्हर घेतला, सरांबरोबर थोडं हसलेसुद्धा, आणि पुण्याच्या धुतल्या मराठीत म्हणाले, "काही नाही सर, लाइनमन आहे. लाइन बघायला आला होता."

ताट जरा जोरात ठेवलं तरी घर डोक्यावर घेणारे तुम्ही. तुम्ही चपला घातल्यात, फाटकापर्यंत गेलात, तिथं थोडा वेळ उभे राहिलात. मला वाटलं, गेले. मग आत येऊन पाटावर बसलात आणि माझी नोकरी वाचवलीत. त्यानंतर कधी, कशावरूनही, तुम्ही ते काढलं नाहीत. मीही काढलं नाही. मनाला समजावत राहिले की मी खोटं कुठं बोलले, बाबा लाइनमनच तर होते. पण 'आले होते' म्हणायला मला काय झालं होतं, बाबा? मी 'आला होता' म्हणाले.