हाकेला येणाऱ्या घोडीबद्दल

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, घोडे शिकवणाऱ्याची विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण तो नऊ वर्षांचा आहे आणि पूर्ण शुद्धीतला आहे.

१. राहतं घर, तबेला आणि बँकेत जे असेल ते लेकीला. तबेल्याची कडी आधी वर उचलून मग ओढायची, हे जावयाला नीट दाखव. दोनदा तोडली आहे त्याने.

२. खोगीर आणि खरारा नालबंदाला. हे गेले तेव्हा घोडीला शिव्या न देणारा तो एकटा होता.

३. माझ्या धाकट्या दिरांना चाबूक. दाराआड खिळ्यावर आहे. तेल लावून जपला आहे.

कारण लिहिते. ह्यांचा नियम एकच होता: हाक मारली आणि जनावर आलं, की त्याने आधी काहीही केलेलं असो, मानेवरून हात फिरवायचा. हे परगावी असताना घोडी कुंपण मोडून पळाली. भाऊजी, तुम्ही तिला ह्यांच्यासारखीच हाक दिलीत. ती आली. आल्यावर तुम्ही तिला चाबकाने झोडपलंत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. "वहिनी, दादाला कळू देऊ नका," म्हणालात. मी गप्प बसले. तेवढा गुन्हा माझा, आणि तो मी इथे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी परत आल्यावर ह्यांनी हाक मारली, थोपटायला हात उचलला. तिला चाबकाचा हात दिसला. ती उधळली आणि हे तिच्या पायांखाली आले. तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात, "घोडी खुनशी आहे, गोळी घाला."

४. घोडी. तिला मी पुन्हा माणसांत आणली. रोज रिंगणात बादली पालथी घालून, तिच्याकडे पाठ करून बसायचे आणि मोठ्याने वाचायचे. वाचायला मी वाणसामानाच्या पुड्यांवरून शिकले, त्यामुळे अडखळत. भाऊजी कुंपणावरून ओरडायचे, "वहिनी, यंदा परीक्षेला बसवता की काय तिला?" मी म्हणायचे, "बसवते की. निदान तुमच्यासारखी चौथीत गटांगळ्या खाणार नाही."

अकराव्या महिन्यात तिने मागून येऊन माझ्या खांद्यावर तोंड टेकवलं. मी हलले नाही. पानही उलटलं नाही.

घोडी लेकीला. घोडी विकायची नाही, गोळीचं नाव काढायचं नाही. भावाची घोडी म्हणून दिरांनी हक्क सांगू नये.

५. चाबूक नेण्याआधी दिरांनी दोन्ही साक्षीदारांसमोर रिंगणात रिकाम्या हाताने उभं राहावं, एकदाच हाक मारावी आणि वाट पाहावी. नाही आली, तर दोष तिचा नव्हता, असं मोठ्याने म्हणावं.

आली, तर मानेवरून हात फिरवावा. भाऊजी, हात सावकाश उचला. ती उभी राहील.

वरचं सगळं मी दोनदा वाचून पाहिलं आणि साक्षीदारांसमोर सही केली.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: १. नालबंद (सही) २. जनावरांच्या डॉक्टरीणबाई (सही)
ठिकाण: राहतं घर, रिंगणाकडची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१९