गाडीची कटकट

देवळाली प्रवरा, १० जानेवारी १९७३. संध्याकाळ.

हे गेल्यावर आज पहिल्यांदाच धाकटे भाऊजी आणि सुधा अमेरिकेहून मला भेटायला आले. जेवताना सुधा सांगत होती, त्यांच्या गाडीत कमरेला पट्टा बांधला नाही तर घंटी वाजते. त्या घंटीत खोट निघाली, म्हणून कंपनीनेच गाडी परत बोलावून ती दुरुस्त करून दिली.

"आता पुन्हा कटकट सुरू, वहिनी," भाऊजी म्हणाले. "अगदी हिच्यासारखी!"

सुधा केवढी हसली. मी ताटातला भात नुसता चिवडत राहिले.

दोघे सख्खे भाऊ. एकाची घंटीसुद्धा दुरुस्त होते, आणि ह्यांच्या ऑफिसच्या जीपला धड दारही नव्हतं. वळणावर हे त्यातून बाहेर फेकले गेले, ते कायमचेच. रोज निघताना मी म्हणायचे, "घट्ट धरून बसा." हे म्हणायचे, "किती कटकट!" त्या दिवशीही म्हणाले होते.

सुधाला अजून कुणीतरी कटकटी म्हणतं. तिचा हेवा करावा का मी? पण वाटतो.

निघताना भाऊजी टॅक्सीत बसले आणि माझ्या तोंडून गेलंच, "घट्ट धरून बसा हं."

त्यांचा हात कमरेपाशी चाचपडला. टॅक्सीत पट्टा कुठला? सुधाने त्यांचा दंड घट्ट धरला. तेवढंही मला बघवलं नाही.